मी सांगितलेले आठ दिवस

हे काम तू फुकट का करतेस, असं कुणी विचारलं की मी खाली बघते. विचारणाऱ्याला वाटतं, बाई साधी आहे, स्वतःची स्तुती तिला ऐकवत नाही. तसं काही नाही. फुकट मी काहीच केलेलं नाही. पैसे घेतले नाहीत, एवढंच. बाकी मला त्यातून इतकं मिळालं की ते सांगताना काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.

आम्ही हिंगोलीकडचे. नवऱ्याला तलासरीजवळच्या एका कंपनीत काम लागलं म्हणून लग्नानंतर वर्षभरात इकडे आलो. माझी शाळा सातवीत सुटली. कुणी सोडवली असंही नाही. आईचं बाळंतपण होतं, चार दिवस घरी राहिले, आणि पाचव्या दिवशी वर्गात जायची भीती वाटली. बाई विचारतील, कुठे होतीस. सहाव्या दिवशी ती भीती दुप्पट झाली. असं करत करत शाळा राहिलीच. माझं पुष्कळ काही असंच राहिलेलं आहे.

इथे आल्यावर ती भीती माझ्याबरोबर खोलीत राहायला आली. हे पहिल्या पाळीला गेले की मी दार लावायचे, आणि दार लावलं का ते बघायचे. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. फोन वाजला की वाटायचं, गावाकडे कुणाचं काय झालं असेल. दुकानात गुजराती, पाड्यावरच्या लोकांची त्यांची बोली, कचेरीत मराठी, आणि माझी मराठी ऐकून सगळ्यांनाच हसू. मग मी बोलणंच कमी केलं. दुपारी छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, काही नाही, मन कशात तरी रमवा. कशात रमवायचं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

शेजारच्या खोलीत एक आशाताई राहायच्या. गावागावात फिरून बाळंतिणी, लसी, ताप असलं सगळं बघणाऱ्या. त्या एकदा दारात येऊन म्हणाल्या, "अगं, दिवसभर आत काय करतेस? चल माझ्याबरोबर. डोळे तपासायचे आहेत पाड्यावर, दोरी धरायला माणूस पाहिजे."

"मला नाही जमायचं, ताई."

"दोरी धरायला नाही जमायचं? मग काय जमतं तुला?"

मी गेले ते त्यांना नाही म्हणायची भीती वाटली म्हणून.

काम सोपं होतं. एका संस्थेचं शिबिर असायचं. त्याच्या आधी पाड्यापाड्यावर जाऊन कुणाला किती दिसतं ते बघायचं. एक पुठ्ठा होता, त्यावर कंगव्यासारखी खूण. ठरलेल्या लांबीची दोरी ताणून एका टोकाला माणूस उभा करायचा, दुसऱ्या टोकाला पुठ्ठा धरायचा, आणि कंगव्याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते त्याने हाताने दाखवायचं. एक म्हातारा दर वेळी एकाच बाजूला हात करायचा. आशाताईंनी पुठ्ठा फिरवून फिरवून विचारलं, तरी तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "बाबा, तिकडे काय आहे?" तो म्हणाला, "ताडीचं झाड. ते दिसतं मला. बाकी काय बघायचं राहिलं?" सगळा पाडा हसला. मीही हसले. तलासरीत आल्यापासून मोठ्याने हसण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी, कारण मलाच माझा आवाज ओळखू आला नाही.

पुढे मी एकटी जायला लागले. संस्थेने गळ्यात घालायला कार्ड दिलं. पाड्यावरच्या बायका म्हणायच्या, "बाय, तू कुठली? तुझं बोलणं लांबून आल्यासारखं येतं." मी हिंगोली सांगितलं की विचारायच्या, तिथं समुद्र आहे का. नाही म्हटलं की माझी कीव करायच्या. पण बसायला पाट द्यायच्या, नाचणीची भाकरी द्यायच्या. मला झोप लागायला लागली. धडधड थांबली. गॅसची आठवण यायची ती संध्याकाळी चहा करताना. नवरा म्हणायचा, "तू तर एकदम बदललीस." मी म्हणायचे, लोकांना मदत केली की बरं वाटतं. ते खरंच होतं. पण हळूहळू उलटं व्हायला लागलं होतं. मला बरं वाटावं म्हणून लोकांना मदतीची गरज असायला हवी होती. कुणी म्हणालं, मला नीट दिसतं, की मी मनातून थोडी नाराज व्हायचे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आशाताईंनाही नाही.

त्या वर्षी होळीच्या आधीचं शिबिर. मोतीबिंदूच्या माणसांना न्यायला संस्था जीप पाठवायची, पण एका भागातून दहा माणसं झाली तरच. माझी नऊ झाली होती. पुढचं शिबिर थेट पावसाळ्यानंतर. दहावं माणूस मला ठाऊक होतं, पण ते यायला तयार नव्हतं.

ती एक धवलेरी होती. तिच्या लोकांत लग्न लावते ती बाईच, तिलाच धवलेरी म्हणतात. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्यापुढे दिवा लावून ती बसते, गात गात देवांना बोलावते आणि नवरा-नवरीवर तांदूळ टाकते. तिने गायल्याशिवाय लग्न लागलं असं होत नाही. सत्तरीच्या पुढची, बारीक, एका डोळ्यात पांढरा टिपका तांदळाच्या कणीसारखा. दुसराही चाललेला. तरी ती घरातल्या घरात अशी वावरायची की नव्या माणसाला कळायचंही नाही.

तिची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून मी माझ्या मराठीत लिहिते. पाड्यावर सगळे सगळ्यांना तू म्हणतात. मला मात्र तिला तू म्हणायला जमलं नाही.

"आजी, चला ना. डोळा जाईल पूर्ण."

"येईन. पण पंधरा दिवसांवर लग्न आहे. मला गायला बसायचंय. परत कधी बसता येईल ते सांग."

लग्न कुणाचं, ते मला माहीत होतं. समोरच्या घरातली बाई, चाळिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई. इथे पुष्कळ जोडपी तरुणपणी एकत्र राहायला लागतात, संसार करतात, आणि लग्नाचा मोठा विधी नंतर कधीतरी, जमेल तेव्हा करतात. पण मुलाचं लग्न करायचं तर आधी आईबापाचं झालेलं लागतं. तिच्या थोरल्या मुलाचं ठरलं होतं, म्हणून आधी चार दिवस तिचं. तारीख ठरल्यापासून सगळा पाडा तिला नवरी म्हणून चिडवत होता. पाण्याला निघाली की कुणीतरी म्हणायचं, "नवरी, डोक्यावर हंडा घेऊ नको, काळी पडशील." ती उलट म्हणायची, "तुझ्या लग्नात मी काळीच येणार आहे." पण एका गोष्टीत ती चेष्टा चालू द्यायची नाही. लग्न लावायला तिला हीच धवलेरी हवी होती. तिच्या आईचं लग्नही हिनेच लावलं होतं.

शिबिराआधी आम्हाला नीट सांगितलं होतं. ऑपरेशननंतर महिनाभर धूर नाही, धूळ नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. माझं अक्षर चांगलं नाही, पण महिना हा शब्द मी लिहिला होता, त्याच्याखाली रेघ मारली होती.

मी म्हटलं, "आठ दिवस, आजी. आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं."

बाकीच्या नऊ जणांचं शिबिर हुकलं असतं, हे खरं आहे. त्यातल्या एकाला तर हाताला धरून शेतात न्यावं लागायचं. पण हे मी नंतर स्वतःला सांगायला शोधून काढलं. बोलताना माझ्या डोक्यात ती नऊ माणसं नव्हती. संस्थेच्या माणसाला फोन करून "नऊच झाली हो" म्हणताना माझा आवाज कसा होईल, ते होतं. मला परत दार लावून बसावं लागेल, ते होतं.

ती आली. जीप कासा गाव ओलांडून पुढे गेली. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला. मी तिच्या खाटेपाशीच उभी होते. सिस्टरने औषधाची बाटली हातात देत सगळ्यांना एकदम सांगितलं, "महिनाभर चुलीजवळ जायचं नाही, खाली वाकायचं नाही."

म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू तर आठ म्हणालीस."

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. सिस्टर समोर होती. तिने काहीतरी उपाय सांगितला असता, मला बोल लावला असता, संपलं असतं. मी म्हटलं, "आजी, त्या सगळ्यांना जास्तच सांगतात. काळजीपोटी."

तिने चष्मा लावला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

घरी आले आणि रात्रीचं जेवण गेलं नाही. धडधड परत आली, आधीपेक्षा जोरात. म्हातारी दिव्यापुढे बसलेली, धूर वर येतोय, डोळा लाल, मग पांढरा, असं दिसायला लागलं. नवऱ्याला सांगितलं नाही. आशाताई भेटल्या तर म्हणाल्या, "दहा नेलीस म्हणे. शाब्बास." मी हसले. दुसऱ्या दिवसापासून मी रोज पाड्यावर जायला लागले, म्हातारीच्या डोळ्यात औषध घालायला. खरं तर तिची सून ते घालू शकली असती. पण मला वाटलं, रोज गेले तर काहीतरी फिटेल.

झालं उलटंच. बायका म्हणायच्या, "किती करते ही बाय. आमच्या पोरी नाही करत एवढं." कुणी करवंदाचं लोणचं दिलं, कुणी वालाच्या शेंगा. एकीने आपल्या सुनेला माझ्यादेखत सुनावलं, "बघ, लांबची असून." मी शेंगा पदरात घेतल्या. नको कशा म्हणायच्या, कळेना. येताना वाटेत त्या टाकून द्याव्यात असं वाटलं, पण टाकल्याही नाहीत. भाजी केली. चांगली झाली होती.

म्हातारी धुरापासून लांब राहत होती हे माझ्या लक्षात आलं होतं. सुनेने चूल मागच्या अंगणात मांडली होती. मी समजले, उकाडा वाढलाय म्हणून. मनात म्हटलं, आपलं नशीब. रोज ठरवायचे, आज सांगू. औषधाचा थेंब टाकताना तिचं तोंड वर असायचं, डोळा उघडा, अगदी माझ्यासमोर. आणि मी म्हणायचे, "मिटा आता."

आठव्या दिवशी मी गेले तेव्हा ती उठून तयार बसली होती. चष्मा कनवटीला खोचलेला. समोरची नवरी तिला न्यायला आली होती. तिच्या अंगणात बायका चौकासाठी तांदूळ कांडत होत्या, आणि पहिली गाणी तिथे म्हणायची होती.

"झाले ना आठ दिवस?" म्हातारी मला म्हणाली.

तिने एक पाय पायरीखाली टाकला.

"नाही झाले," मी म्हटलं. "म्हणजे आठ झाले. पण महिना लागतो. मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं."

कांडणाचा आवाज तेवढा समोरून येत होता.

नवरीनेच पहिल्यांदा विचारलं, "का?"

"जीपला दहा लागत होते. नऊच होते."

"म्हणजे आमची म्हातारी तू तुझ्या गाडीची जागा भरायला नेलीस."

मी म्हटलं, "हो."

"बावीस वर्षं थांबले मी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, भांडीवालीशी भाव करतात तशी बोलत होती. "पोरं झाली, घर झालं, हळद नाही लागली. म्हटलं, लागेल तेव्हा हिच्या हातची लागेल. तारीख पुढे नेऊ, तर पोराच्या सासरच्यांनी त्यांचा सगळा गाव बोलावलाय. आणि तू रोज इथे येऊन शेंगा खातेस."

म्हातारी परत ओट्यावर बसली होती. चष्मा काढून पुसत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" नवरीने विचारलं.

"दवाखान्यातच कळलं. ती सिस्टर काय परक्या बोलीत बोलली? आणि पट्टी सुटल्यावर मला पहिलं दिसलं ते हिचं तोंड. खोटं बोलते तेव्हा ही वरचा ओठ पुसते. मी सुनेला त्याच दिवशी सांगितलं, चूल बाहेर घे."

"मग बोलली का नाहीस?" नवरी आता तिच्यावर घसरली.

"म्हटलं, ही बोलते का बघू. रोज यायची, थेंब टाकायची, जायची. आज मी उठले नसते तर ही महिनाभर अशीच आली असती." मग माझ्याकडे वळून, "आली असतीस ना?"

आले असते, हे तिलाही कळत होतं.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं होईल. तसं काही झालं नाही. मी निघायला वळले तर म्हातारी म्हणाली, "थेंब राहिला." मग मी हात धुऊन तिच्या डोळ्यात थेंब टाकला. नवरी शेजारी उभी राहून बघत होती, माझा हात हलतो का ते.

पुढचं त्या दोघींनी आणि पाड्यावरच्या इतर बायकांनी ठरवलं. शेजारच्या पाड्यावरची एक धाकटी धवलेरी होती, तिला अजून सगळं येत नव्हतं. चौकापुढे, दिव्याजवळ ती बसणार. म्हातारीची खाट मांडवाच्या कडेला, वारा जिकडून येतो त्या बाजूला. गाणं म्हातारीचं, हात धाकटीचे. नवरीला ते पसंत नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली, आणि त्या बरं म्हणण्यात जे होतं ते मीच केलेलं होतं.

मग मी आशाताईंना बरोबर घेऊन संस्थेच्या डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. खाट लांब, वारा पाठीशी, चष्मा डोळ्यावर, वाकायचं नाही, एवढं पाळलं तर बसू द्या, असं ते म्हणाले. फोन ठेवल्यावर आशाताई म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही शाब्बास म्हणालात ना."

लग्नाला मी जाणार नव्हते. म्हातारीनेच निरोप पाठवला की ये, धुराकडे लक्ष द्यायला कुणीतरी पाहिजे. मला सूप दिलं. वारा फिरला आणि चुलाण्याचा धूर खाटेकडे यायला लागला की मी तो सुपाने परतवायचा. सकाळपासून दुपारपर्यंत मी ते केलं. म्हातारी खाटेवर ताठ बसून गात होती. तो आवाज त्या बारीक अंगातून येत होता हे मला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. एक ओळ ती म्हणायची, दिव्याजवळची धाकटी ती धरायची, मध्येच चुकायची. म्हातारी न थांबता हाताने मांडी थोपटून तिला परत वाटेवर आणायची.

तांदूळ टाकायची वेळ आली. ते काम धाकटीचं ठरलं होतं. तिने मूठ भरली. नवरी हळदीने पिवळी झालेली, नवऱ्याशेजारी पाटावर बसलेली, शेजारी तिची तिन्ही मुलं. ती उठली. कुणीतरी म्हणालं, "अगं, बस, उठायचं नसतं." ती नवऱ्याच्या हाताला धरून त्यालाही घेऊन खाटेपाशी आली आणि दोघं खाली बसली, म्हातारीला वाकावं लागू नये इतकी जवळ. धाकटीने येऊन तांदूळ म्हातारीच्या ओंजळीत ओतले. म्हातारीचं गाणं तेवढा वेळ थांबलं होतं. मग परत सुरू झालं. मी सूप हलवत होते, आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. धूर माझ्याकडे येत होता, ते एक बरं झालं.

पंगत उठल्यावर नवरी माझ्यापाशी आली. पान घेऊन आली होती, भात, वालाची आमटी. मी खात होते तोवर शेजारी बसली. हळदीचा वास येत होता तिला.

"डोळा वाचला," ती म्हणाली.

"हो."

"लग्न लागलं."

"हो."

"मग तुझं काय गेलं?"

मी विचार केला. पाड्यावर माझं नाव खराब झालं होतं, तेही पूर्ण नाही. शेंगा खाल्ल्या होत्या. गाणं ऐकलं होतं. आता भात खात होते. गेल्या दोन दिवसांत मला झोपही लागली होती, आणि ते तर तिला सांगायची मला हिंमतच नव्हती.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग ऊठ," ती म्हणाली. "मागे भांडी पडलीत."

तिच्या दोन जावा आणि मी, आम्ही ती अंधार पडायच्या आत घासून काढली. राख कमी पडली तेव्हा एक जाऊ मला म्हणाली, "जा, त्या चुलाण्यातली आण," आणि मी आणली. तिथे मला कुणी किती करते असं म्हणालं नाही. सगळ्याच घासत होत्या.